लॉननं गिळलेली चप्पल

आमच्या घरामागच्या टाक्याचे किस्से मी जमवायला गेले नव्हते. तळाशी गाळ बसतो तसे ते बसत गेले. एक उपसून कोणाला सांगायला जावं, तर खालून दुसरा ढवळून वर येतो आणि सांगणारीचंच लुगडं माखतं. आता तर आमच्या गल्लीत दोन बायका हळू आवाजात बोलताना दिसल्या की मला वाटतं, टाक्याचंच चाललंय. बहुतेक वेळा ते खरंही निघतं! म्हटलं, दुसऱ्यांनी तिखटमीठ लावण्याआधी आपणच सांगावं.

मी वत्सला. शाळा चौथीपर्यंत. पुढचं माझं मी शिकले. इंग्रजी अक्षरं खताच्या गोण्यांवरून शिकले. कायदा शिकले पोराच्या पक्षकारांचं बोलणं भिंतीआडून ऐकून. माणसं ओळखायला मात्र कोणी शिकवावं लागलं नाही. माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही. सत्तरी उलटली, अजून कोणी मला फसवलेलं नाही. प्रयत्न सगळ्यांनी केले.

*

पहिला मान दलालाचा.

माझा मुलगा विलास अमरावतीत वकिली करतो. बडनेरा रोडच्या आतल्या बाजूला एका जिनिंगवाल्या शेठचा बंगला विकायला निघाला होता. शेठ वारला, पोरं परगावी, घर कितीतरी वर्षं बंद. दलालानं आम्हाला आत शिरल्याशिरल्या थेट वरच्या गॅलरीत नेलं आणि खाली बोट दाखवलं. घरामागे हिरवंगार, चौकोनी, एकदम सपाट.

"काकू, हे पाहा मागं लॉन!"

भर एप्रिल. अख्ख्या अमरावतीत माणसं पिवळी पडलेली, आणि बंद घरामागे लॉन? याला पाणी कोण घालतं, भूत?

"कापते कोन हे लॉन?" मी विचारलं.

"कापाचं कामच नाई काकू. तेवढंच राह्यते. इम्पोर्टेड आहे."

इम्पोर्टेड म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात घंटी वाजली. मी खाली उतरले, मागच्या दारानं बाहेर गेले आणि पायातली चप्पल काढली. माझी चप्पल म्हणजे गावी शिवून घेतलेली, टायरच्या सोलाची, खाली खिळे मारलेली. कुत्र्याला लागली तर कुत्रं पुन्हा त्या गल्लीत येत नाही. ती मी नेम धरून लॉनच्या मधोमध फेकली.

लॉननं 'डुबुक' केलं आणि चप्पल गिळून टाकली!

गॅलरीत दलालानं कठडा धरला. मग खाली वाकून म्हणाला, "काकू, लॉनच्या खालती स्विमिंग टँक बी आहे. मी सांगणारच होतो!"

*

बंगला घेतला; व्यवहार मार्गी लागून राहायला येईपर्यंत पुढची संक्रांत उजाडली. विलासचं म्हणणं होतं, टाक्यात मुरूम भरायचा, वर खोल्या बांधायच्या आणि कोचिंग क्लासच्या मुलींना भाड्यानं द्यायच्या. अमरावतीत ज्याच्याकडे चार भिंती आहेत त्याच्या डोक्यात हाच विचार असतो.

आता माझं ऐका. माझं माहेर अकोल्याकडचं, मूर्तिजापूरच्या पुढचं. मळ्यातल्या विहिरीत मी पोहायला शिकले, पाठीला रिकामा डबा बांधून. मग डबा सोडला आणि गावातल्या पोट्ट्यांना मागे टाकलं. लग्न झालं आणि पाणी बादलीत आलं. तेव्हापासून बादलीतच आहे. खोल पाण्यावर उताणं पडावं, कान पाण्याखाली जावेत, वर नुसतं आभाळ असावं आणि कोणाची हाक ऐकू येऊ नये, एवढं एक राहून गेलंय. पण हे असलं बोलणं पोराजवळ कोण करतं? मी एवढंच म्हटलं, "टाकं बुजवाचं नाई."

"आई, डासांचं माहेर आहे ते. मुरूमवाल्याले सांगून ठेवलं मी."

"मी साफ करीन."

"उपसून?"

"उपसाचं कायले? नळ आला तर लोक लग्नाची पंगत सोडून घरी पळतात, अन् तू एवढं पाणी नालीत सोडतं? आहे तेच पाणी काचेसारखं करीन."

विलास हसला. वकील हसला की मी सावध होते.

"ठीक आहे," तो म्हणाला. "अक्षयतृतीयेपर्यंत तळ दिसला तर टाकं राहीन. नाई दिसला तर दुसऱ्या दिवशी मुरूम."

"अन् तळ दिसला हे ठरवणार कोन? तू? उद्या म्हनशीन, दिसला तो तळ नव्हताच, तळाचा भास होता."

"मंग तूच सांग."

"माह्यी चप्पल दिसली म्हंजे तळ दिसला."

सुनेला साक्षीला ठेवलं. अर्चना शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणाली, "आई, मी कोणाच्याच बाजूची नाही." म्हणजे नवऱ्याच्या बाजूची!

उजव्या पायाची चप्पल टाक्यात होती. डाव्या पायाची मी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली. जोडी जमणार होती ना!

*

काम सुरू करते न करते तोच दारात मलेरियावाले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बोटाच्या पेराएवढे मासे.

"आजी, साचलेल्या पाण्याची तक्रार आली. डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडायचे आहेत."

"तक्रार कोनं केली?"

"नाव सांगता येत नाही."

"काळ्या कोटवाला होता का?"

तो माणूस छताकडे बघायला लागला. मी समजले. पोटचा पोरगा, पण डाव कसा टाकला पाहा! टाक्यात मासे सोडले की क्लोरीन टाकता येत नाही, क्लोरीन नाही तर तळ नाही.

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी पिशवी उलटी केली. वर दम दिला, "सरकारी मासे आहेत आजी. मारायचे नाहीत बरं!"

मासे वाढले. सरकारी खात्यात वाढतं तसं एकाचे दहा झाले. मी आणि अर्चनानं जुनी मच्छरदाणी चारी टोकांनी धरून सगळे गोळा केले आणि गल्लीतल्या ज्या ज्या घरी सिमेंटचा हौद होता तिथं नेऊन सोडले. अर्चना तेव्हा पदर खोचून गुडघाभर घाणीत उतरली होती, हे मी बघितलं. का उतरली, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. नवऱ्याला बातमी द्यायची असेल!

महिन्याभरानं तोच माणूस तपासणीला आला. टाक्यात वाकून बघतो तर एक मासा नाही.

"आजी, मासे कुठं गेले?"

"सरकारी होते ना? बदली झाली!"

*

मोटर आणि फिल्टर सुरू करायला मी अकोल्याच्या जुन्या शहरातून रफिकभाईंना बोलावलं. अमरावतीत मेकॅनिक नाहीत असं नाही. पण अमरावतीचे मेकॅनिक विलासच्या ओळखीचे.

रफिकभाई म्हणजे रुबाबात काम. आधी चहा, मग मोटरीभोवती एक फेरी, मग कंबरेवर हात.

"आपा, ये मोटर मरी नहीं है. किसी ने मारी है."

"कोनं?"

"वो मैं नहीं बोलूंगा. आप के घर का मामला है."

असा माणूस मला लगेच पटतो!

मोटर त्यांनी सुरू केली. पाणी फिरायला लागलं, पण गढूळच. तेव्हा त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वरून सुतळी. म्हणाले, हा त्यांच्या वडिलांचा फॉर्म्युला आहे, ओतताना कोणी बघायचं नाही. मी, अर्चना, सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं!

अर्चना वळली. मीही वळले. पण आमच्या मागच्या दाराला काच आहे आणि माझे डोळे अजून शाबूत आहेत. त्यांनी बाटली ओतून ठेवली आणि हात धुवायला गेले, तेवढ्यात मी बाटलीच्या तोंडाला बोट लावून जिभेवर टेकवलं. तोंड आवळून आलं.

"रफिकभाई! हे तं तुरटी आहे!"

माणूस जरासुद्धा हलला नाही. हात पुसत म्हणाला, "हां आपा, तुरटीच है. मगर अकोले की है!"

अमरावतीच्या तुरटीनं काम झालं असतं की नाही, माहीत नाही. अकोल्याच्या तुरटीनं गाळ खाली बसला, हे खरं. मग पाइप लावून तो तळाचा गाळ ओढायचा, पाणी फिरवायचं, ब्लीचिंग टाकायचं. रोजचं काम. वरचं दोन हात पाणी स्वच्छ दिसायला लागलं. चप्पल नाही.

*

उन्हं वाढली तसं पाणी खाली जायला लागलं. अर्चना म्हणाली, "आई, वाफ होते." तिनं मला बाष्पीभवन समजावून सांगितलं, फळ्यावर काढावं तसं हवेत बोटानं काढून.

वाफ मला माहीत आहे. वाफ रोज सारखी होते. आमची वाफ फक्त दुपारी व्हायची, गल्ली झोपलेली असताना!

मी टाक्याच्या कडेला आतून कुंकवाची रेघ ओढली आणि दुपारी पडद्यामागे खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळानं कंपाउंडच्या भिंतीवरून, मोगऱ्याच्या वेलातून, एक हिरवा पाइप सरपटत खाली आला. सापासारखा! टाक्यात शिरला आणि पलीकडे टुल्लू पंपाचा आवाज सुरू झाला.

पलीकडे राहते मंदाबाई, दिवसभर कूलर लावून बसणारी. माझ्याहून लहान, मला ताई म्हणते. मी भिंतीपाशी जाऊन भांडले नाही. पाइप उचलून बाहेरही काढला नाही. त्या दिवशी ब्लीचिंगचा डोस मी जरा सढळ हातानं टाकला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मंदाबाई दाराशी आली. डोळे लाल. अंगावर काळी साडी, आणि साडीवर विटकरी रंगाचे डाग, जणू कोणी पान खाऊन पिचकाऱ्या मारल्या. काळ्या कपड्याला क्लोरीन लागलं की असंच होतं, रंग उडून विटकर उघडी पडते.

"काय वं मंदे, साडीले काय झालं?"

"काई नाई ताई. फॅशन आहे."

"अन् डोळ्याले?"

"डोळे आले."

"अन् तुह्या कूलरचा माह्या घरापर्यंत दवाखान्याचा वास काहून येऊन राहिला?"

मंदाबाईनं आपल्या घराकडे एकदा वळून पाहिलं. मग पदर सावरून म्हणाली, "ताई, आमी कूलरच स्वच्छ ठेवतो!"

*

माझा धाकटा भाऊ नामदेव गावी शेती करतो. मी त्याला मदतीला बोलावलं. रक्ताचा माणूस, म्हटलं निदान हा तरी विकला जाणार नाही.

मला दोन दिवस एका लग्नाला जायचं होतं. जाताना सांगितलं, "नामदेवा, मागच्या खोलीत गोणीत पांढरं औषध आहे. रोज संध्याकाळी पाण्यात टाकजो."

आता शेतकऱ्याच्या घरात काय कशात ठेवलेलं असेल, हे देवाला ठाऊक. आमच्याकडे बियाणं युरियाच्या गोणीत, भुईमूग युरियाच्या गोणीत, अंथरूणसुद्धा युरियाच्या गोणीत. ब्लीचिंगचा डबा फुटला म्हणून तेही मी युरियाच्याच गोणीत ओतलं होतं. शेजारी, नामदेवानं स्वतः गावाहून माझ्या गुलाबांसाठी आणलेली एक गोणी होती. त्या गोणीत चक्क युरियाच होता!

मी गेले तेव्हा पाणी निळसर होतं. परत आले, दोन-चार दिवस उलटले आणि एका सकाळी टाक्यापाशी जाऊन बघते तर काय! हिरवं! नुसतं हिरवं नाही, पोपटी! आणि काठावर नामदेव उभा, मिशीवर हात फिरवत.

"पाह्यलं ताई? काय उठाव आला! असं हिरवं आपल्या मळ्यात बी नाई उठत."

"नामदेवा, तुले कितीत फोडलं विलासनं?"

"मले? पाजलं तं चहा बी नाई त्यानं!"

गोणी बघितली तेव्हा सगळं कळलं. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अर्चना घरात निघून गेली. विलास कोर्टातून आलेला, कोट अंगावर, दारात उभा राहून ऐकत होता. मी थांबले तेव्हा नामदेव त्याला म्हणाला, "बोलू दे तिले. लहानपनी मी इहिरीत पडलो होतो. गडीमानसं काठावर उभी राहून 'दोर आना, दोर आना' करत होती. हिनं उडी मारली अन् मले केसाले धरून वर काढलं. तवापासून तिनं मले कितीबी बोलावं, मले लागत नाई."

विलासनं माझ्याकडे बघितलं. "आई, तुले खरंच पोहता येते?"

"नाई," मी म्हटलं. "तुह्या मामाचे केस पान्यावर तरंगत होते, ते मी काठावरून उपटले."

त्या दिवसापासून पोरगा कोर्टातून आला की आधी टाक्यापाशी जायचा. काळ्या कोटासकट काठावर उभा राहायचा, हात मागे बांधून, पाण्याकडे बघत. मी खिडकीतून बघायची. खोल्यांचे खांब कुठं कुठं येतील ते ठरवत असणार, दुसरं काय!

*

पुन्हा ब्लीचिंग, पुन्हा अकोल्याची तुरटी, पुन्हा गाळ ओढणं. रफिकभाई गुरुवारी यायचे आणि टाक्याची नाडी बघितल्यासारखा हात पाण्यात घालायचे. अक्षयतृतीया आठवड्यावर आली तेव्हा पाणी इतपत आलं की उथळ बाजूच्या पायऱ्या मोजता याव्यात. आणि नेमक्या त्याच दिवशी ढोलक वाजवत वाजवत गल्लीतलं महिला भजनी मंडळ आत शिरलं. हातात हळद-कुंकू, फुलं, अक्षता, नारळ.

"हे काय वं?"

"जलपूजन ताई! नवीन पानी घरात आलं, त्याची पूजा नको? इहिरीले पानी लागलं तं आपन करतो का नाई?"

"तुमाले सांगतलं कोनं?"

"वकीलसाहेबांनं! म्हने, माह्या आईनं एवढी मेहनत घेतली, पूजन झालंच पाह्यजे."

बघा! पोराचं डोकं कसं चालतं बघा! मी नाही म्हणावं तर देवाला नाही म्हटल्यासारखं. हो म्हणावं तर एवढ्या कष्टानं नितळ केलेल्या पाण्यात फुलं, तांदूळ आणि नारळाचं पाणी.

मी बोलेपर्यंत मंदाबाईनं मूठभर हळद सोडली. पहिल्या पायरीपाशी, जिथं मी सकाळीच धुण्याचा सोडा ओतला होता. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या कोणत्याही बाईला माहीत आहे. पण भजन म्हणताना आठवत नाही. पिवळी हळद पाण्यात उतरली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लालभडक झाली!

ढोलक थांबला. एकजण किंचाळली, "देवी आली वं माय!"

"देवी नाई, सोडा आहे!" मी ओरडले.

"ताई, सोड्यात बी देवी असते!"

अर्ध्या तासात बाजूच्या गल्लीतल्या बाया बाटल्या घेऊन हजर. तीर्थ पाहिजे! मी पायरीवर आडवी उभी राहिले. "पेऊ नका! ब्लीचिंग आहे! जंतू माराचं औषध आहे ते!"

त्यावर एक म्हातारी बाटली पुढे करत म्हणते, "मंग दे ना बाई! माह्या पोटात लय आहेत!"

*

अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी रफिकभाईंनी शेवटचा डोस टाकला. असा तेज, की काठावर उभं राहून डोळ्यांना पाणी यावं. जाताना बजावून गेले, "आपा, दो दिन कोई हाथ नहीं डालेगा. दवा बहुत तेज है."

संध्याकाळपर्यंत मी टाक्याभोवती फिरत होते. पायऱ्या दिसत होत्या, उथळ बाजूच्या फरशा दिसत होत्या. खोल बाजूला अजून दुधासारखं काहीतरी होतं. चप्पल कुठंच नाही. गाळात गेली असेल? पाइपनं ओढून भलतीकडे गेली असेल? की कोणी उचलली? मी सगळ्यांचे चेहरे डोळ्यांपुढे आणले. प्रत्येकजण उचलू शकत होता.

जेवताना मी म्हटलं, "चप्पल नाई दिसली."

विलासनं ताटातून मान वर केली नाही. "मुरूमवाला परवा सकाळी येते," एवढंच म्हणाला.

 मी रडणारी बाई नाही. मी वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून अर्चनाशी भांडले.

सकाळी सगळे जमले. नामदेव गावाहून आला होता. रफिकभाई नवा शर्ट घालून. मंदाबाई या वेळी भिंतीवरून पाइप न सोडता स्वतः दारातून आली. मी खोल बाजूकडे निघाले, तोच विलास म्हणाला, "आई, तिकडं नाई. पायऱ्यांपाशी पाह्य."

पायऱ्यांपाशी गेले. शेवटच्या पायरीला टेकून, फरशीवर, माझी चप्पल! सोल खाली, अंगठा भिंतीकडे, कोणी देवळाबाहेर काढून ठेवावी तशी. टायरच्या रेघा मोजता याव्यात इतकी स्वच्छ.

नामदेवानं टाळी वाजवली. रफिकभाईंनी "अकोले की तुरटी!" म्हणून आरोळी ठोकली. मी वाकून नीट बघितलं. आणि मला वाटायला लागलं, मी तर मधोमध फेकली होती. ही इथं पायऱ्यांपाशी कशी?

तेवढ्यात खोल बाजूनं मंदाबाई ओरडली, "ताई! लवकर या! इकडं बी एक आहे!"

सगळे धावले. दूध रातोरात खाली बसलं होतं. थेट तळाशी, पाणी ओढणाऱ्या जाळीच्या बाजूला, एक चप्पल पालथी पडलेली. खिळे गंजलेले, पट्टा कुजून हिरवा. उजव्या पायाची.

पायऱ्यांपाशी होती ती डाव्या पायाची.

मी अर्चनाला स्टुलावर चढवलं. माळ्यावर वर्तमानपत्र होतं. व्यवस्थित घडी घातलेलं. रिकामं.

आणि मग काय झालं माहीत आहे? ज्यांच्यावर मी इतके दिवस डोळा ठेवला होता, ते सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले!

"आपा," रफिकभाई हळूच म्हणाले, "एक काफी थी."

"ताई, लहानपनी लपंडावात बी तू असंच करत होती," नामदेव म्हणाला.

"मी नाई टाकली!"

"नाई ना ताई," मंदाबाई म्हणाली, "आमी कुठं काय म्हटलं?"

त्या दिवसापासून आजपर्यंत गल्लीत एक माणूस मला सापडलेला नाही ज्याचा माझ्यावर विश्वास आहे. चिडायचं तर कोणावर? विलासनं तेवढ्यात खिशातून मोबाइल काढला, मुरूमवाल्याला फोन लावला. "नको. नाई, उद्या नको. नाई गा, पुढच्या महिन्यात बी नको." फोन ठेवला आणि घरात निघून गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

औषध उतरायला दोन दिवस लागले. कोर्ट उघडलं त्या सकाळी मी लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, पायऱ्या उतरले आणि पाण्यावर उताणी पडले. अंग विसरलं नव्हतं. कान पाण्याखाली गेले, गल्ली बंद झाली. वर आभाळ, आणि आभाळात एक घार.

किती वेळ गेला कोण जाणे. डोकं वर काढलं तर काठावर विलास उभा होता, हातात फायली, कोर्टाला निघालेला. माझ्याकडे बघत होता. अंगावर तोच काळा कोट. डावी बाही काळी. उजवी बाही पार खांद्यापर्यंत विटकरी!

मी पाण्यातूनच विचारलं, "काय झालं रे बाहीले?"

"काई नाई आई," तो म्हणाला. "शाई सांडली."